खुंटी पिळायला किती वेळ?

शास्त्रीय गिटारच्या मैफलीत एक क्षण हमखास येतो. एक रचना संपते, टाळ्या होतात, वादक मान लववतो. आणि पुढची रचना सुरू करण्याऐवजी डावा हात वर नेऊन सगळ्यात जाड तारेची किल्ली फिरवू लागतो. श्रोते वाट पाहतात. मामला अर्ध्या-एक मिनिटाचाच; पण व्यासपीठावर एकट्या बसलेल्या माणसाला तेवढा वेळही फार मोठा वाटतो. या अर्ध्या मिनिटामागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

मुळात हे करावं का लागतं? गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा मिळवलेल्या असतात. रचना 'डी' या स्वरावर बेतलेली असेल, तर त्या स्वराचा भरदार खर्ज हवा. म्हणून सहावी तार पूर्ण एक स्वर उतरवून 'डी'वर आणतात. बार्सिलोनात जन्मलेल्या फर्नांदो सोरच्या (१७७८-१८३९) 'ग्रँड सोलो'मध्ये ती अशीच उतरवलेली आहे. फ्रान्सिस्को तार्रेगाच्या (१८५२-१९०९) 'काप्रिचो आराबे'मध्येही. याच तार्रेगाची ग्रानाडाच्या अल्-हम्रा महालावरची प्रसिद्ध रचना मात्र नेहमीच्या तारांवर वाजते. या दोन एकामागोमाग वाजवायच्या, तर मध्ये खुंटी पिळणं आलंच.

या वेळखाऊ कामाची थट्टा फार जुनी आहे. गिटारची एक नातलग म्हणजे युरोपातलं लूट हे वाद्य. त्याचं नावच अरबी 'अल्-ऊद'वरून आलेलं. अठराव्या शतकातल्या मोठ्या लूटला चोवीस तारा असत. हॅम्बुर्गच्या योहान मात्थेसन या संगीतकारानं १७१३ मध्ये लिहून ठेवलं, की लूटवादक ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ वर्षं त्यानं तारा मिळवण्यातच घालवली असं खुशाल समजावं. एर्न्स्ट गॉटलिब बारोन या लूटवादकानं १७२७ मध्ये न्यूरेंबर्गला छापलेल्या आपल्या पुस्तकात मात्थेसनचा समाचार घेतला. पण थट्टाच जास्त टिकली. उत्तरापेक्षा विनोद लोकांच्या लक्षात राहतो.

विनोदात तथ्य होतं, हेही खरं. तेव्हाच्या तारा होत्या तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्याला पीळ देऊन केलेल्या. आपल्या सारंगीला आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तीच तात. हवा दमट झाली, की ती बिघडते. बोटांच्या घामानं बिघडते. अन् ऐन वेळी तुटते. खुंट्या लाकडी, भोकात नुसत्या दाबून बसवलेल्या. खुंटी केसभर फिरली तरी सूर हातभर सरकायचा, आणि सैल बसली तर सगळीच तार सुटायची.

एकोणिसाव्या शतकात गिटारवर दातेरी चाकांच्या किल्ल्या रुळत गेल्या. हल्लीच्या गिटारमध्ये किल्ली साधारण चौदा वेळा फिरवावी तेव्हा तार गुंडाळणारा रूळ एकदा फिरतो. म्हणजे हाताची चूक चौदापट लहान झाली. तानपुऱ्याला बारीक फरकासाठी मणी असतो. ते काम इथं या चाकांनी केलं.

तारेचा प्रश्न सुटला तो महायुद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवण्यासाठी शस्त्रवैद्यांना आतड्याचा धागा लागू लागला आणि वादकांना तात मिळेनाशी झाली. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केलं होतं. १९४० पासून त्याचे पायमोजे बाजारात आले होते. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या आल्बर्ट ऑगस्टिन या डॅनिश कारागिरानं त्याच नायलॉनच्या तारा करून पाहिल्या. गिटारला मोठ्या सभागृहात नेणारा स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३-१९८७) त्याच्या पाठीशी उभा राहिला. १९४० चं दशक संपता संपता तातीची सद्दी संपत आली. नायलॉन दमट हवेला फारसं दाद देत नाही, सहसा तुटत नाही. मात्थेसनचा विनोद आता तरी शिळा व्हायला हरकत नव्हती.

पण नायलॉनचीही एक खोड आहे. त्याला आधीची जागा आठवते. सहावी तार 'ई'वरून 'डी'वर आणली, की तिच्यावरचा ताण सुमारे एक पंचमांशानं कमी होतो. तार लगेच सूर पकडते. पण मग हळूहळू आपण होऊन वर चढू लागते. चढवलेली तार उलट खाली घसरते. शिवाय एका तारेचा ताण बदलला, की लाकडावरचा एकूण भार बदलतो आणि बाकीच्या ताराही किंचित हलतात.

मुरलेला वादक म्हणूनच तार नेमकी 'डी'वर आणून थांबत नाही. तो ती थोडी जास्त उतरवतो, बोटानं हलकेच ओढून सैल करतो आणि मग खालून वर येत 'डी' गाठतो. चौथी तार 'डी'चीच असते, बरोबर एक सप्तक वर. दोन्ही एकदम छेडल्या, की फरक असेल तर आवाजात लाटा उठतात. त्या विरल्या, की तार मिळाली. ती पुढे चढणार हे ठाऊक असल्यानं कित्येक जण ती जराशी उतरतीच ठेवतात आणि वाजवता वाजवता, एखादी मोकळी तार घुमत असताना, मोकळा झालेला डावा हात किल्लीला लावून येतात. कार्यक्रम आखतानाही 'डी'वरच्या रचना एकत्र ठेवायच्या, हा साधा उपाय आहेच.

मग इतक्या सुधारणांनी वाचलेला वेळ गेला कुठे? तो कलावंतांनी पुन्हा तारांवरच खर्च केला. इटलीत जन्मलेला, इस्तंबूलमध्ये राहिलेला कार्लो दोमेनिकोनी यानं १९८० च्या दशकात 'कोयुनबाबा' रचली. कोयुनबाबा म्हणजे तुर्कीत मेंढ्यांचा बाबा. या रचनेसाठी सहापैकी पाच तारा हलवाव्या लागतात. तीन उतरवायच्या, दोन चढवायच्या. त्यातून तुर्की साजासारखी जी घुमारेदार आस मिळते, ती नेहमीच्या तारांवर मिळत नाही. तातीच्या आणि लाकडी खुंट्यांच्या काळात भर मैफलीत असलं धाडस फार महागात पडलं असतं. २००७ मध्ये गिब्सन कंपनीनं स्वतःच तारा मिळवणारी इलेक्ट्रिक गिटार आणली. शास्त्रीय गिटारच्या व्यासपीठावर मात्र अजूनही किल्ली आणि कान यांचंच राज्य आहे.

आपल्याकडे तानपुरे मिळेपर्यंत थांबायची श्रोत्यांना सवय आहे. परदेशात ती नसते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी साज मिळवले, तेव्हा त्यालाच वादन समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिळवणंच इतकं आवडलं तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं रविशंकर त्यांना हसून म्हणाले. त्या श्रोत्यांच्या अज्ञानाला आपण हसतो. पण ते लक्ष देऊन ऐकत होते, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

गिटारवादक किल्लीला हात लावून वाद्यावर कान झुकवतो, तेव्हा त्याला शांततेखेरीज दुसरी कसलीही मदत नको असते. खोकायचं, कुजबुजायचं, खुर्ची सरकवायची ती अर्धं मिनिट थांबून करावी. मात्थेसननं वाया गेलेली म्हणून मोजलेली साठ वर्षं अशाच अर्ध्या अर्ध्या मिनिटांची होती, आणि उरलेल्या वीस वर्षांचं वादन त्यांच्याच जोरावर सुरात होतं.