चंदन कोण उगाळतं? सेवाकार्यातल्या थकव्याचा इतिहास

चर्च, मठ, वसतिगृह, मोफत दवाखाना अशा ठिकाणी माणसं पैशापेक्षा श्रद्धेपोटी राबतात. आणि यांतलीच काही माणसं वर्षा-दोन वर्षांत, कधी दहा वर्षांत, आतून रिकामी होतात. याला हल्ली बर्नआउट म्हणतात. शब्द नवा आहे, दुखणं जुनं आहे. जुन्या लोकांनी त्यावर काय उपाय केले, ते आज आपण पाहू.

सुरुवात इजिप्तच्या वाळवंटापासून करू. चौथ्या शतकात एव्हाग्रिअस नावाचा विद्वान कॉन्स्टँटिनोपलमधलं चर्चचं पद सोडून पुढे तिथल्या तपस्व्यांत जाऊन राहिला आणि ३९९ साली तिथंच वारला. भिक्षूंना छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली. त्यातला सर्वांत जड विचार म्हणजे अकेडिया, म्हणजे कशाचीच फिकीर न उरणं. तो दुपारचा सैतान. सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत मुक्काम करतो. सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं. भिक्षू सारखा खिडकीबाहेर बघतो. जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा वीट येतो, आपल्या माणसांत प्रेमच उरलं नाही असं वाटू लागतं. अकेडिया आणि बर्नआउट एकच, असं आमचं म्हणणं नाही. एकाला आध्यात्मिक जीवनाचा संदर्भ आहे, दुसऱ्याला नोकरी-कामाचा. पण हे वर्णन ऐकताना कुठल्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला आपली एखादी दुपार आठवेल.

एव्हाग्रिअसचा उपाय मुख्यतः एकट्याने करायचा होता: कोठडी सोडू नकोस, टिकून राहा. पुढे मात्र एक गडबड झाली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरले ग्रेगरी यांनी दोषांची यादी नव्याने मांडली, त्यात अकेडिया उदासीनतेत मिसळून गेली. नंतरच्या शतकांत सात पापांच्या यादीत तिच्या जागी सर्रास 'आळस' म्हटलं जाऊ लागलं. म्हणजे बघा, जे दुखणं होतं त्याचा आरोप झाला. थकलेल्याला आळशी म्हणायची सोय झाली.

त्याच सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली. तिची ७३ प्रकरणं आहेत. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी ती सहसा वाचत नाहीत, आम्हीही फार उशिरा वाचली. तिच्यात भक्तीइतकाच स्वयंपाकघराचा आणि कोठाराचा विचार आहे. स्वयंपाकाची पाळी आठवड्याने बदलायची. वाढणाऱ्यांना पंगतीच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर विश्रांती. मठ मोठा असेल तर कोठाऱ्याला मदतनीस द्यायचे, म्हणजे त्याला शांत मनाने काम करता येईल. आणि त्याच्याकडे काही मागायचं ते ठरलेल्या वेळीच. इथं थकणाऱ्याला उपदेश नाही. त्याची शांती ही मठाची जबाबदारी मानली आहे.

आता एकदम विसाव्या शतकात, न्यूयॉर्कला येऊ. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसा आपला व्यवसाय करत आणि संध्याकाळनंतर एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून जात. १९७४ साली त्यांनी तिथल्या अनुभवावर निबंध लिहिला आणि बर्नआउट हा शब्द मानसशास्त्रात रुळला. म्हणजे हा शब्द रुजला तो कंपनीच्या कचेरीत नव्हे, सेवेच्या जागी. त्यांचं निरीक्षण असं की जो सर्वाधिक निष्ठावान, तोच आधी जळतो. तो जास्त तास थांबतो आणि काम मात्र कमी होतं, चिडचिड वाढते, साधी सर्दी हटत नाही. उपाय त्यांनी सांगितले ते कामाचे तास बांधा, पाळ्या बदला, सुट्टी द्या, माणसं वाढवा. बेनेडिक्टनंतर चौदाशे वर्षांनी पुन्हा तेच! २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणी न आवरल्या गेलेल्या ताणाशी जोडलेली अवस्था म्हटलं.

हे आम्ही कोरड्या कुतूहलाने सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका लहान संस्थेच्या विश्वस्त मंडळावर होतो. संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथल्या अधीक्षिकाबाई पहाटे पाचला दूध घ्यायला उठायच्या आणि रात्री अकराला फाटकाला कुलूप लावायच्या. अशी तेरा वर्षं. त्यांनी रजा मागितली नाही, आम्ही कधी विचारली नाही. दर वार्षिक सभेत आम्ही त्यांना शाल-श्रीफळ देत होतो आणि 'बाई चंदनासारख्या झिजतात' असं भाषण करत होतो. एक दिवस बाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सर, आता मला मुलींचा आवाज सहन होत नाही." आम्ही आपसात म्हणालो, निष्ठा कमी पडली. त्यांच्या जागी आम्हाला तीन माणसं नेमावी लागली, तेव्हा हिशोब कळला. बाईंना मात्र आम्ही तो कधी सांगितला नाही. पुढे त्या गेल्या.

मराठीत चंदनासारखं झिजणं ही मोठी स्तुती आहे. पण चंदन आपणहून झिजत नाही. सहाणेवर कुणाचा तरी हात ते उगाळत असतो. त्या वसतिगृहात तो हात आमचा होता.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुठल्या समितीवर आहेत, त्यांना एवढंच सांगणं. घरी गेल्यावर आपल्या संस्थेतल्या सर्वांत निष्ठावान माणसाचं नाव कागदावर लिहा. त्याने शेवटची सुट्टी कधी घेतली, आणि तो आजारी पडला तर उद्या किल्ल्या कोणाकडे, हे त्याखाली लिहा. उत्तर येत नसेल, तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवा. शाल-श्रीफळ नंतर द्या.

आता प्रश्न घेऊ.