फ्रँक बकल्स : एका सैनिकाच्या वयाचा पुरावा

(१) सरकारी दफ्तरांतील समकालीन कागद आपण अव्वल दर्जाचा पुरावा मानतों, व तें सामान्यतः यथार्थच आहे. तथापि कागद अस्सल असला म्हणजे त्यांतील मजकूर खरा असतोच, असें नाहीं. तो कोणत्या प्रसंगीं व कोणाच्या सांगण्यावरून लिहिला गेला, हें पाहावें लागतें. पहिल्या महायुद्धांतील अमेरिकन सैनिकांपैकीं सर्वांत शेवटीं निवर्तलेला फ्रँक वुड्रफ बकल्स याचें चरित्र या दृष्टीनें विचारार्ह आहे.

(२) याचा जन्म मिझूरी संस्थानांत बेथनी गांवाजवळ ता. १ फेब्रुवारी १९०१ रोजीं झाला. जन्मनांव वुड, पुढील नांव त्यानें सैन्यांत शिरतांना घेतलें. एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका युद्धांत पडतांच हा मुलगा भरतीसाठीं हिंडूं लागला. आरमारी पायदळानें त्यास वय व वजन कमी म्हणून परत पाठविलें. तळपाय सपाट म्हणून आरमारानेंहि नाकारलें. अखेर भूसैन्याच्या अधिकाऱ्यानें जन्माचा दाखला मागितला. त्यावर यानें उत्तर केलें कीं, माझ्या जन्मकाळीं मिझूरींत असे दाखले देत नसत. नोंद आहे ती घरच्या बायबलांत, आणि तो ग्रंथ कांहीं येथें आणावयाचा नव्हे! अधिकाऱ्यानें तें मान्य केलें, व ता. १४ ऑगस्ट १९१७ रोजीं सोळा वर्षांचा बकल्स सैनिक झाला.

(३) या उत्तराची छाननी केली असतां मौज दिसते. मिझूरींत जन्मनोंदीचा कायदा १८८३ सालीं झाला, तो १८९३ त रद्द झाला, आणि संस्थानभर नोंदणी पुन्हा सुरू झाली ती १९१० सालीं. १९०१ चा जन्म या खंडांतच येतो. म्हणजे दाखल्याविषयींचें विधान खरें, त्याच्या आधारें सांगितलेलें वय तेवढें खोटें! जो कागद सत्य सांगता, तो घरींच राहिला.

(४) डिसेंबर १९१७ मध्यें तो ‘कार्पेथिया’ जहाजानें इंग्लंडास गेला. ‘टायटॅनिक’वरील वांचलेल्या उतारूंस १९१२ त उचलून घेणारें जहाज तें हेंच. इंग्लंडांत व फ्रान्सांत त्यानें रुग्णवाहक गाड्या चालविल्या. तहकुबीनंतर जर्मन कैद्यांस स्वदेशीं पोंचविण्याच्या कामींहि तो होता. पुढें जहाज कंपनीच्या नोकरीनिमित्त मनिला येथें असतां जपान्यांनीं १९४२ सालीं त्यास पकडलें. तीन वर्षांहून अधिक काळ तो स्थानबद्ध होता. लॉस बान्योसच्या छावणींतून ता. २३ फेब्रुवारी १९४५ रोजीं सुटका झाली. ज्यानें वय चोरून युद्धांत प्रवेश केला, त्यास दुसऱ्या युद्धानें चाळिशी उलटल्यावर, नागरिक असतां, गांठलें.

(५) त्या महायुद्धांत अमेरिकेचे सुमारें ४७ लक्ष लोक सैन्यांत होते. फेब्रुवारी १९०८ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, २००८ च्या फेब्रुवारींत, त्यांपैकीं एकटा बकल्स उरला. ता. २७ फेब्रुवारी २०११ रोजीं ११० वर्षांचा होऊन तो वारला. आर्लिंग्टनच्या दफनभूमींत त्यास मूठमाती मिळाली.

(६) सेंट लुई येथील सैनिकी दफ्तरास ता. १२ जुलै १९७३ रोजीं आग लागून १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष सैनिकांचीं प्रकरणें जळालीं. नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेर भूसैन्यांतून मुक्त झालेल्यांपैकीं सुमारें शेंकडा ८० जणांचे कागद त्यांत गेले. अशा हजारों घरांस आतां घरगुती नोंदीचाच आधार आहे. शिवजन्मतिथीच्या वादांत जेधे घराण्यांतील शकावलीचें मोल काय ठरलें, हें वाचकांस विदितच आहे. तात्पर्य, सरकारी कागदांत वय लिहिलें आहे एवढ्यावरून निर्णय करूं नये. आणि जुन्या पोथीच्या कोऱ्या पानावरील जन्मटिपण, तें कितीहि कसरीनें खाल्लेलें असो, रद्दींत टाकूं नये.