धूर चाकात, दोष धुराड्यात : एक्झॉस्ट ब्रेकची गोष्ट

न्यायशास्त्रातलं अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आपण ऐकलेलं असतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. आपला धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा. भरलेली पिकअप तुळजापूरचा घाट उतरताना चाकातून धूर निघाला, की ब्रेकचे लायनर तापले हे कुणीही सांगेल. पण ते का तापले? आपण दोष चाकातच धरतो, लायनर बदलतो, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तोच जळका वास. आज याचाच विचार करू.

आधी थोडा हिशोब. तीन टनांची गाडी 100 मीटर उंची उतरते, तेव्हा जी ऊर्जा सुटते तिने 30 अंशांच्या सुमारे 10 लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एकट्या चाकावर भार टाकला, तर ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा निसटलेली गाडी चढावर वळवून थांबवण्यासाठी वेगळे रूळ टाकावे लागले. रस्त्यावर ती सोय नव्हती. म्हणून जुन्या ड्रायव्हरांनी नियम केला : ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. म्हणजे इंजिनालाच ब्रेक करायचं.

हा नियम पेट्रोल इंजिनाला अधिक लागू पडतो. पाय काढला की त्याची हवेची वाट जवळजवळ बंद होते, आणि हवा ओढताना पिस्टनची दमछाक होते. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये यशस्वी झालं. त्यात अशी झडपच नव्हती. ते पूर्ण हवा घेतं, दाबतं, आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी बरीचशी ऊर्जा परत देते. त्यामुळे रोध कमी. 1954 पासून टेल्कोचे टाटा-मर्सिडीज डिझेल ट्रक आपल्याकडे बनू लागले आणि ही अडचणही घाटाघाटांत पोचली.

उत्तर आधीच शोधलेलं होतं. डोंगराळ स्वित्झर्लंडमधल्या साउरर कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीच इंजिनाकडून ब्रेकचं काम करून घेण्याचे प्रयोग केले होते. अमेरिकेत क्लेसी कमिन्सचा ट्रक 1931 मध्ये कॅहॉन घाट उतरताना ब्रेक निकामी होऊन मालगाडीवर आदळता आदळता वाचला. त्या अनुभवातून त्याने पुढे वेगळ्या जातीचा इंजिन-ब्रेक घडवला. तो 1961 मध्ये बाजारात आला. एक्झॉस्ट ब्रेक त्याहून साधा. धुराच्या नळीत एक झडप असते. ती मिटली, डिझेल बंद झालं, की पिस्टनला कोंडलेल्या वायूवर जोर लावावा लागतो आणि गाडी मागे खेचली जाते.

आता हा ब्रेक बिघडला तर? सपाटीवर काहीच कळत नाही, हीच त्याची खोड. त्याचं काम चुपचाप चाकावर पडतं आणि धूर तिथे निघतो. इथे आपले नैयायिक कामाला येतात. अन्वय म्हणजे कारण असेल तिथे कार्य; व्यतिरेक म्हणजे कारण नसेल तिथे कार्यही नाही. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्ये याच्याशी जुळणाऱ्या पद्धती मांडल्या. चांगला मिस्त्री रोज हेच करतो.

पहिला प्रश्न ड्रायव्हरला : कोणत्या गिअरात उतरलात? वरच्या गिअरात, कमी फेऱ्यांवर हा ब्रेक फारसा धरत नाहीच. तो दोष नव्हे. मग गाडी सपाटीवर उभी करा, चाकांखाली दगड लावा. इंजिन चालू ठेवून एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने झडपेच्या दांड्याकडे पाहायचं. दांडा हलला, तरी झडप पूर्ण मिटते का आणि आधीच्या नळीतून धूर गळतो का, ते पाहा. हललाच नाही, तर मोठ्या गाड्यांत हवेची आणि काही लहान गाड्यांत व्हॅक्यूमची नळी सिलिंडरपासून सोडवा. तिथवर हवा किंवा ओढ येते? मग दोष पुढे आहे. इंजिन बंद करून, नळी थंड झाल्यावर दांडा सोडवून झडप हाताने फिरवा. फिरत नसेल तर काजळीने जाम झाली आहे. फिरत असेल तर सिलिंडर तपासा. हवा येतच नसेल तर दोष मागे आहे : फ्यूज, सोलेनॉइड, गळकी नळी, किंवा क्लच आणि ॲक्सिलरेटरजवळचे छोटे स्विच. टेस्ट लॅम्प लावला की करंट कुठे तुटला ते कळतं. उलट झडप मिटलेलीच अडकली, तर गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते. धूर दोन्हीकडे, कारणं मात्र वेगळी.

बघा, प्रत्येक पायरीला शक्यता निम्म्या होतात. अंदाजाने एकेक भाग बदलणं म्हणजे तर्क नव्हे, खर्च आहे. आणि हा खर्च पैशांपुरता राहत नाही. नवरात्रात याच घाटाने भाविक पायी चालतात. त्यांच्यामागून उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक घाटाच्या माथ्यावर नव्हे, आदल्या दिवशी सपाटीवर तपासलेला असावा.