कर्नलमधला 'र'

नातवाने इंग्रजीच्या वहीत 'कर्नल'चं स्पेलिंग कानाला ऐकू येतं तसं, 'र' घालून लिहिलं. टीचरची लाल फुली! पोरगं रडवेलं झालं. म्हटलं, अरे, चारशे वर्षांपूर्वी हे बरोबर धरलं असतं.

लॅटिनमध्ये 'कोलुम्ना' म्हणजे खांब. आपल्या मंदिरापुढे मानस्तंभ असतो ना, तसा. त्यावरून इटालियनमध्ये सैनिकांच्या लांब रांगेला 'कोलोन्ना' आणि तिच्या म्होरक्याला 'कोलोनेल्लो' म्हणू लागले. फ्रेंचांच्या जिभेला जवळजवळचे दोन 'ल' जड गेले, त्यांनी पहिल्याचा 'र' केला. (आपण नाही का 'नुकसान'चं 'नुसकान' करत!) सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो 'कोरोनेल' तसाच उचलला. पुढे लिहिणाऱ्यांनी इटालियन 'ल' परत आणला, पण बोलणाऱ्यांनी 'र' काही सोडला नाही.

आमच्या इंदूरशेजारी, महूला, १८१८ च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांची छावणी पडली, तेव्हापासून असले हुद्दे इथल्या कानांवर आहेत. पण वडिलांच्या पिढीचे कर्नल एकच, सी. के. नायडू. तुकोजीराव होळकरांनी त्यांना १९२३ मध्ये इंदूरला आणलं, आपल्या सैन्यात हुद्दा दिला. १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान तेच. 'कप्तान'ही लॅटिनच बरं का, 'कापुत' म्हणजे डोकं, त्यातून आलेला.

नातवाने फुलीखाली मराठीत 'कर्नल' लिहिलं. "आजी, हे तरी बरोबर ना?"

"अगदी बरोबर. पण परीक्षेत 'ल' लिही हो."