पांढरीची साक्ष

किल्ला म्हटला की आम्हां कोल्हापूरकरांच्या दृष्टीपुढे पन्हाळा उभा राहतो, व ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यामुळे किल्ल्याची सारी प्रतिष्ठा आपण दगडाला देऊन बसलो आहो. मातीचा किल्ला ढासळून त्याचे टेकाड झाले, की त्यास किल्ला म्हणावयासही आपण तयार नसतो.

इंग्लंडात नॉर्मनांनी इ. स. १०६६ च्या स्वारीनंतर घाईने उभारलेले पुष्कळ किल्ले मातीचेच होते. खंदक खणावा, निघालेल्या मातीचे टेकाड रचावे, त्यावर लाकडी मनोरा उभारावा, अशी त्यांची रीत. हेस्टिंग्ज येथे मजूर असे टेकाड रचीत असल्याचे दृश्य बायोच्या प्रसिद्ध भरतकामात आहे. लाकूड केव्हाच कुजले. हिरवळीने झाकलेली टेकाडे मात्र तेथील अभ्यासक अद्याप मोजीत असतात.

आपल्या देशावरील गढी ही या टेकाडाची सख्खी नव्हे तरी चुलत बहीण खास. पाटील-देशमुखांच्या गढ्या अनेक ठिकाणी जुन्या पांढरीवर बांधलेल्या आढळतात. शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा भेद शेतकऱ्यास कोणा पंडिताने शिकविलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींचा चिखल यांनी मातीचा रंगच पालटतो. वाडा ओस पडला, की गावकरी तीच माती धाब्यावर पसरण्यास अथवा खत म्हणून शेतात टाकण्यास नेऊ लागतात. तोफांपेक्षा टोपल्यांनीच अधिक गढ्या जिंकल्या असाव्यात, असे मला वाटते.

या मातीत काय असते, हे पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी ही गढी नव्हे. वस्तीवर वस्ती होऊन ती टेकडी वाढली. तेथे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. वरच्या थरांत बहामनी अमदानीतील अवशेष, तर खाली सातवाहनकालीन विटांची घरे निघाली. ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची चिमुकली मूर्ती याच टेकडीतली. ती आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. दगडी तटावर नंतरचा धनी डागडुजी करून आधीच्याची खूण पुसतो. मातीत मात्र प्रत्येकाचा थर आपल्या जागी राहतो, कोणी तो हलविला नाही तर.

आणि येथेच खरी अडचण आहे. करवीर तालुक्यातील कसबा बीड ही शिलाहार भोजाची राजधानी होती, अशी परंपरा आहे. गावात वीरगळांची दाटी आहे, व पावसाने माती धुपली की लहान लहान सोन्याची नाणी सापडतात. सापडणाऱ्यास सोने मिळते. परंतु ते कोणत्या थरातून आले, सोबत कोणती खापरे होती, ही माहिती कायमची बुडते. तेराव्या शतकाच्या आरंभी यादव सिंघणाने शिलाहारांचे राज्य घेतले, तेव्हा येथील घरे जळाली, ओस पडली की सुखाने नांदत राहिली, याची साक्ष केवळ ते थरच देऊ शकतात. शिलालेख राजांविषयी बोलतात, घरांविषयी क्वचितच.

मागे विद्यार्थ्यांसमवेत एका पडक्या गढीवर गेलो होतो. “सर, किल्ला कोठे आहे?” एकाने विचारले. “तुम्ही त्यावरच उभे आहात,” मी म्हणालो. टेकाडाच्या पलीकडच्या अंगास एक ट्रॅक्टर माती भरीत होता. ताज्या कापलेल्या कडेत पुरुषभर खोलीवर राखेचा काळा पट्टा स्पष्ट दिसत होता, व त्याखाली एक चूल. आम्ही खाली उतरून तेथे पोचेतो चूल ट्रॅक्टरात गेली होती.