बॉनी आणि क्लाइड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक कुप्रसिद्ध गुन्हेगार युगुल व त्यांच्या प्रणयकथेवर आधारलेला १९६७ मधील चित्रपट. बॉनी पार्कर व क्लाइड बॅरो या दोघांचाही जन्म टेक्सस राज्यातील गरीब कुटुंबांत झाला. जानेवारी १९३० मध्ये डॅलस शहराच्या पश्चिमेकडील वस्तीत त्यांची भेट झाली. बॉनी उपाहारगृहात वाढपिणीचे काम करी. ती विवाहित होती; तथापि पतीपासून विभक्त राहत असे. क्लाइड चोरीच्या आरोपावरून लवकरच ईस्टहॅम येथील तुरुंग-शेतीवर गेला. तेथील कठोर श्रम व अत्याचार यांमुळे तो अधिकच क्रूर बनला. फेब्रुवारी १९३२ मध्ये सुटका झाल्यावर त्याने टोळी उभारली आणि बॉनी तिच्यात सामील झाली.

तो आर्थिक महामंदीचा काळ होता. बँकांविषयी लोकांत रोष असल्याने त्या लुटणाऱ्यांना काहीशी सहानुभूती मिळे. प्रत्यक्षात या टोळीने बँकांपेक्षा पेट्रोल पंप व किराणा दुकानेच अधिक लुटली. एप्रिल १९३३ मध्ये मिसूरीतील जॉप्लिन येथे झालेल्या चकमकीत दोन पोलीस ठार झाले. टोळीने मागे टाकलेल्या फिल्मवरील छायाचित्रे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. तोंडात चिरूट व हाती पिस्तूल घेतलेली बॉनीची प्रतिमा त्यांतूनच रूढ झाली. वस्तुतः ती चिरूट ओढीत नसे; ते छायाचित्र गमतीने काढलेले होते. जून १९३३ मधील मोटार-अपघातात तिचा पाय भाजला व नंतर तिला नीट चालता येईना. १ एप्रिल १९३४ रोजी ग्रेपव्हाइनजवळ दोन तरुण पोलिसांची हत्या झाल्यावर लोकमत फिरले. २३ मे १९३४ रोजी फ्रँक हेमर व त्याच्या पाच सहकाऱ्यांनी लुइझिअ‍ॅनात दबा धरून दोघांना ठार केले. टोळीच्या नावावर सु. तेरा खून नमूद असून बळींपैकी बहुतेक पोलीस होते. दोघांना एकत्र पुरण्यास बॉनीच्या आईने नकार दिला.

त्याच वर्षी हॉलिवुडची नीतिसंहिता काटेकोरपणे अंमलात आली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती निर्माण करण्यास तीत मज्जाव होता. तरीही फरारी युगुलाचा विषय यू ओन्ली लिव्ह वन्स (१९३७) व गन क्रेझी (१९५०) या चित्रपटांत काल्पनिक पात्रांद्वारे हाताळला गेला. आर्थर पेन दिग्दर्शित बॉनी अँड क्लाइड (१९६७) या चित्रपटात मात्र खरी नावे आली. वॉरेन बेटी (निर्माताही तोच) व फे डनवे यांनी प्रमुख भूमिका केल्या. विनोद व रक्तपात यांच्या मिश्रणावर बॉझ्ली क्राउथर याने कडक टीका केली, तर पॉलीन केल हिने चित्रपटाचे समर्थन केले. साहाय्यक अभिनेत्री व छायाचित्रण यांसाठी त्यास ऑस्कर पारितोषिके लाभली. १९६८ मध्ये नीतिसंहितेच्या जागी वर्गीकरणाची पद्धत आली.

चित्रपटात सत्याचा विपर्यासही झाला. हेमर पकडला जाऊन अपमानित होतो, हा प्रसंग कल्पित आहे. त्याच्या पत्नीने निर्मात्यांवर दावा लावला व तो पुढे तडजोडीने मिटला. हेमरची बाजू मांडणारा द हायवेमेन हा चित्रपट २०१९ मध्ये निघाला. प्रेमकथेचे आकर्षण टिकून राहिले. मारल्या गेलेल्यांची नावे मात्र फारशी कोणाच्या स्मरणात राहिली नाहीत. इतिहास व दंतकथा यांतील हे अंतर ध्यानात घेऊनच या चित्रपटाच्या कलागुणांचा विचार करणे उचित ठरते.