विकलेल्या बराकी आणि राहिलेले प्रार्थनामंदिर

लंडनच्या ईशान्येस सुमारे वीस मैलांवर, एसेक्स परगण्यात ब्रेंटवुड नावाचे गाव आहे. त्याला लागून वॉर्ली आहे. नाव ऐकताच आपल्या वरळीची आठवण व्हावी, पण दोन्ही नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो निराळा, आणि तो पुष्कळ मोठा आहे. कंपनी सरकारच्या पलटणींत भरती होऊन मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे येणारा गोरा सोजीर 1843 नंतर बहुधा या वॉर्लीच्या बराकींतूनच निघत असे. त्या बराकी आज नाहीत. त्या विकल्या गेल्या. विकताना काय राखले आणि काय गेले, हे सांगण्यासाठी हा लेख.

वॉर्लीचे माळरान लष्कराच्या ओळखीचे फार जुने. अठराव्या शतकात तेथे उन्हाळी छावण्या पडत. 1778 मध्ये फ्रान्सच्या स्वारीची धास्ती असताना तेथे मोठी छावणी होती. राजा तिसरा जॉर्ज ती पाहण्यास आला होता आणि कोशकार डॉक्टर जॉन्सन आपल्या मित्राकडे तेथे मुक्कामास गेला होता. पुढे नेपोलियनच्या भीतीने 1805 च्या सुमारास पक्क्या बराकी बांधल्या गेल्या. युद्ध संपले, बराकी ओस पडू लागल्या. तेव्हा चॅटम येथील जागा अपुरी पडत असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीने त्या विकत घेतल्या. म्हणजे वॉर्लीच्या बराकींची विक्री ही काही आपल्या काळातील नवलाई नव्हे!

येथे येणारे तरुण कोण होते? आयर्लंडमधील भूमिहीन, इंग्लंडच्या खेड्यांतील मजूर, यंत्रांमुळे धंदा बुडालेले विणकर. दहा-बारा वर्षांच्या कराराने ते नाव नोंदवीत. कवायत, बंदुकीची ओळख, नवा कोट, आणि मग केप ऑफ गुड होपला वळसा घालणारा चार-पाच महिन्यांचा समुद्रप्रवास. ज्या मुंबई युरोपियन पलटणीने 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांच्या फौजेशी सामना दिला, तिच्यातील जागा पुढच्या पिढीत याच वाटेने आलेल्या पोरांनी भरल्या. आपल्या दृष्टीने तो शत्रूचा शिपाई. हे विसरण्याचे कारण नाही. तथापि तोही कोणाचा तरी मुलगा होता आणि त्याची आई बंदरावर उभी राहिली असेल, एवढे मानण्याने आपल्या अभिमानाला उणेपणा येत नाही.

1857 मध्ये, इकडे हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटला त्याच वर्षी, कंपनीने वॉर्लीस आपल्या सैनिकांसाठी एक प्रार्थनामंदिर बांधून पुरे केले. त्याचा आराखडा कंपनीचा वास्तुतज्ज्ञ मॅथ्यू डिग्बी वायट याचा. पण लागलीच, 1858 मध्ये, कंपनीचे राज्यच बुडाले आणि फौज राणीच्या नावे झाली. गोऱ्या सोजिरांना कोणी विचारले नाही, नव्या भरतीचे बक्षीसही दिले नाही. जिंदगी बदलावी तशी आपली मालकी बदलली, या भावनेने ते इतके चिडले की 1859 मध्ये ठिकठिकाणी त्यांनी हुकूम मानण्याचे नाकारले. अखेर सुमारे 10 हजार सैनिकांनी नाव कमी करून घेतले. आपल्या शालेय इतिहासात 1857 चा उठाव असतो, पण त्याच्या पाठोपाठचा हा ‘गोरा उठाव’ सहसा नसतो. 1861 मध्ये बराकीही ब्रिटिश युद्धखात्याकडे गेल्या. 1881 मध्ये 44 व 56 क्रमांकाच्या जुन्या पलटणी मिळून एसेक्स रेजिमेंट झाली आणि वॉर्ली हे तिचे घर ठरले.

पैकी 44 वी पलटण म्हणजे 1842 च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना गंडमक येथे कापली गेलेली. तिच्यातील कॅप्टन सूटर याने निशाण कमरेला गुंडाळले होते. भरजरी वस्त्र पाहून हा कोणी बडा आसामी असावा असे समजून शत्रूने त्याला जिवंत ठेवले, अशी हकीकत आहे. अशा आठवणी जपण्यासाठी 1925 पासून कंपनीचे ते प्रार्थनामंदिर एसेक्स रेजिमेंटचे स्मारकमंदिर झाले. निशाणे तेथे टांगली गेली, मृतांचे फलक लागले.

आता ज्या बाबीविषयी फलक बोलत नाहीत, तिकडे वळते. बराक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतात. वस्तुतः बराकीत बायकाही राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विवाहित शिपायाला वेगळी खोली क्वचितच मिळे. वीस-पंचवीस पुरुष झोपत त्याच दालनाच्या एका कोपऱ्यात दोरीवर कांबळे किंवा चादर टाकून आडोसा करायचा, आणि त्यामागे संसार थाटायचा. बाळंतपणे तेथेच, मुलांचे आजारही तेथेच. या बदल्यात बाईने शिपायांचे कपडे धुवायचे, शिवणटिपण करायचे, प्रसंगी आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. तिला मिळे ती धुलाईची तुटपुंजी मजुरी आणि पलटण परदेशी असली तर अर्धा शिधा.

हे भाग्यही सर्वांचे नव्हते. वरिष्ठांच्या परवानगीने लग्न केले असेल तरच बाईचे नाव पलटणीच्या पटावर. राणीच्या फौजेत पलटण परदेशी निघाली की साधारण शंभर शिपायांमागे सहा बायकांना बरोबर नेत. हिंदुस्थानसाठी ही संख्या बारापर्यंत असे. कोणी जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. एका चिठ्ठीवर ‘जाणे’, दुसरीवर ‘न जाणे’. ‘न जाणे’ निघालेल्या बाईने मुले घेऊन आपल्या गावचा रस्ता धरायचा. नवऱ्याचे पुन्हा दर्शन दहा वर्षांनी झाले तर झाले. आणि जी गेली तिचा नवरा तापाने किंवा पटकीने मेला, तर थोड्या महिन्यांत दुसऱ्या शिपायाशी लग्न करणे हाच पुष्कळदा तिच्यापुढचा मार्ग असे, कारण शिधा नवऱ्याच्या नावावर होता. आपल्याकडील विधवांच्या हालांवर बोट ठेवणाऱ्या त्या काळच्या साहेबांनी आपल्या बराकीत डोकावून पाहिले असते तर बरे झाले असते.

कंपनीच्या सैनिकांच्या विधवांना एक आधार मात्र होता, आणि त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. बंगालच्या मीर जाफरने मरताना रॉबर्ट क्लाइव्हला 5 लाख रुपये ठेवले होते. क्लाइव्हने त्यांचा 1770 मध्ये एक निधी केला. त्यातून कंपनीचे अपंग सैनिक व विधवा यांना साहाय्य मिळे. हिंदुस्थानचा पैसा, इंग्रजांचे दातृत्व! पण पुढची गंमत अशी की कंपनीची फौज संपताच क्लाइव्हच्या वारसांनी दावा लावला आणि 1863 मध्ये लॉर्डांच्या सभेने तो निधी वारसांना परत देवविला.

असो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडचे साम्राज्य आटले, तशी फौजही. 1958 मध्ये एसेक्स रेजिमेंट शेजारच्या पलटणीत विलीन झाली आणि वॉर्लीच्या बराकी रिकाम्या झाल्या. जागा विक्रीस निघाली. फोर्ड मोटार कंपनीने ती घेतली आणि 1960 च्या दशकात तेथे आपली भव्य कचेरी उभारली. जुन्या बराकी पाडल्या गेल्या. अधिकाऱ्यांचे भोजनगृह वाचले, कारण ते रुग्णांच्या शुश्रूषेसाठी उपयोगी पडले. प्रार्थनामंदिर वाचले, कारण तेथे दरवर्षी फुले घेऊन येणारी माणसे होती. विक्रीच्या व्यवहारात इतिहासाचे पारडे जड व्हायचे तर त्यात एखादा चालता उपयोग किंवा येती-जाती माणसे घालावी लागतात, असे मला वाटते. नुसत्या जुनेपणाला गिऱ्हाईक मिळत नाही.

हाच प्रकार लंडनमधील चेल्सी बराकींचा. सुमारे 13 एकरांची ती जागा ब्रिटिश सरकारने 2008 मध्ये 95 कोटी 90 लाख पौंडांना विकली. तेथे आता धनिकांची घरे आहेत. नव्या इमारतींचे रूप कसे असावे यावर खुद्द युवराज चार्ल्स यांनी 2009 मध्ये आक्षेप घेतला व आधीचा आराखडा मागे पडला. त्या गदारोळातूनही जे मूळचे राहिले ते एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनामंदिरच. याउलट क्रॉयडनजवळचे ॲडिस्कोम. तेथे कंपनीचे अधिकारी तयार करणारे विद्यालय 1809 पासून होते. 1861 मध्ये ते बंद पडले, जागा विकली गेली, मुख्य वाडा पाडून घरे बांधली. उरल्या एकदोन वास्तू आणि रस्त्यांची नावे: कॅनिंग, क्लाइड, एल्गिन, हॅवलॉक, आउटरम. धरणगावास खानदेशच्या भिल्लांची पलटण उभारणारा तोच हा आउटरम. तेथे राहणाऱ्यांपैकी किती जणांना धरणगाव ठाऊक असेल!

स्मारक राखणे म्हणजे फलक राखणे, एवढाच अर्थ घेतला तर वॉर्लीस काम चोख झाले आहे. ज्यांची नावे पितळेवर आली ते सुरक्षित आहेत. पण चादरीआड संसार करणारीचे नाव कोणत्याच पितळेवर नव्हते. तिचे स्मारक म्हणजे ती खोलीच, तो कोपरा, भिंतीतला दोरीचा खिळा. खोली पाडली की ती बाई दुसऱ्यांदा पटावरून गेली. म्हणून कोणतीही बराक विकण्यापूर्वी फलकांची यादी होते, तशी एखादी साधी राहती खोली, एखादे धुण्याचे घर, विवाहितांच्या चाळीचा एखादा तुकडा राखण्याची अटही खरेदीखतात असावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. विक्री झाल्यावर असल्या गोष्टी मागून मिळत नाहीत. नव्या मालकाला त्या धुण्याच्या दगडाचे काय होय!

वॉर्लीची ती फोर्डची कचेरीही आता गेली. 2019 मध्ये कंपनीने ती सोडली आणि त्या जागेवर घरे बांधण्याच्या योजना आल्या. भोवतालच्या रस्त्यांपैकी एकाचे नाव ईगल वे, दुसऱ्याचे चिंडिट्स लेन. गरुड हे 44 व्या पलटणीने 1812 मध्ये सालामांकाच्या लढाईत फ्रेंचांकडून जिंकलेले चिन्ह. चिंडिट म्हणजे 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या रानात जपान्यांच्या पिछाडीस लढलेल्या तुकड्या, ज्यांत एसेक्सचे शिपाई होते. त्यांच्या मध्ये कंपनीच्या विटांचे ते प्रार्थनामंदिर उभे आहे. पुन्हा पुन्हा मालक बदललेल्या त्या माळावर आता पुन्हा बायका संसार मांडतील, या खेपेस मात्र स्वतःच्या दाराला कडी लावून.